एका तासाची मजल

गेल्या वर्षी आमच्या मुलीला दीवच्या एका शाळेत नोकरी लागली, तेव्हा महागावच्या आमच्या घरात पेढ्यांच्या आधी नकाशा उघडला गेला. तिच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, एकच प्रश्न केला, "काऊन रे, पोरीले बेटावर धाडतं? अन् मधात पानी आलं तं?"

मी मराठीचा प्राध्यापक. भूगोल हा काही माझा प्रांत नव्हे. तरी नकाशावर पट्टी ठेवली. मुंबईच्या विमानतळापासून दीवच्या विमानतळापर्यंत सरळ अंतर भरले सुमारे 270 किलोमीटर. जमिनीवरून जावे, तर खंबायतचे आखात आडवे येते आणि वळशाचा रस्ता 800 किलोमीटरांच्याही पुढे जातो!

आणि गंमत पाहा, हे दोन्ही विमानतळ बेटांवरच आहेत. सांताक्रूझ साष्टी बेटावर आहे, याची आज कोणाला आठवण तरी होते का? पूर्वी माहीमची खाडी होडीतून ओलांडावी लागे. 1845 साली लेडी जमशेटजींच्या देणगीतून तिथे रस्ता बांधला गेला आणि माहीम साष्टीला जोडले गेले. दीवला विमानतळ आला तो मात्र राजकारणातून. भारताने पोर्तुगीज वसाहतींची कोंडी केली, तेव्हा 1955 च्या सुमारास पोर्तुगीजांनी गोवा, दमण आणि दीव ही ठाणी विमानाने जोडली. 1961 च्या डिसेंबरात आपल्या विमानदळाने त्याच धावपट्टीवर बाँब टाकले, आणि दीव मुक्त झाले.

आता वेळेचा हिशेब. दोन पंख्यांचे लहान विमान तासाला सुमारे 500 किलोमीटर जाते. म्हणजे अर्धा तास पुरावा. पण लागतो जवळजवळ तास! धावपट्टीपर्यंत रांगणे, उंची गाठणे, उतरताना वेग आवरणे, यांना लागणारा वेळ पल्ला लांब असो वा जवळचा, फारसा बदलत नाही. म्हणून अंतर निम्मे झाले, तरी वेळ निम्मा होत नाही.

हे सारे मी आईला समजावले. तिने त्यातले एवढेच लक्षात ठेवले, "घंट्याभराची वाट."

श्रावणात आई तापाने अंथरुणाला खिळली. दुपारी मुलीला फोन केला. त्या दिवशीचे विमान गेले होते. दुसऱ्या दिवशी ती तासाभरात मुंबईस उतरली. मग रात्रीच्या गाडीने नांदेड, आणि तिथून एस.टी.ने महागाव. उंबऱ्यात पाऊल पडले, तेव्हा तिसऱ्या दिवसाची दुपार होत आली होती. आईने डोळे उघडले.

"घंट्याभराचं इमान व्हतं ना वं? मंग मी परवापासून वाट पाहून राह्यली."

मुलगी हसली आणि हसता हसता रडलीही.

आपल्या भाषेत 'मजल' म्हणजे एका दिवसाच्या प्रवासाचा टप्पा. जुनी माणसे अंतर असे दिवसांनी मोजत. वर्गात हा शब्द मी कितीदा तरी शिकवला. त्याचा अर्थ मात्र त्या दुपारी कळला.

आई आता बरी आहे. मुलगी दिवाळीला यायची आहे. दीव किती लांब, असे कोणी विचारले, तर आई ठणकावून सांगते, "दोन दिवस!" आणि त्या हिशेबाने करंज्यांचा डबा आधीच बाजूला काढून ठेवते.