गादीची अग्निपरीक्षा

२२ ऑगस्ट १९८५ रोजी मँचेस्टरच्या धावपट्टीवर पेटलेल्या विमानात ५५ जण दगावले, त्यांतले बहुतेक विषारी धुराने. म्हणूनच केबिनमधली वस्तू किती जळते याइतकंच ती किती धूर ओकते, हेही तपासणं अत्यावश्यक आहे. अमेरिकी नियमांनुसार भिंतीच्या पॅनेलचा उभा टांगलेला तुकडा ६० सेकंद बर्नरवर धरतात. ज्योत काढल्यावर तो सरासरी १५ सेकंदांत विझायलाच हवा. आसनाच्या गादीची कसोटी याहून कितीतरी कडक. तेलाच्या बर्नरचा झोत तिच्यावर पूर्ण २ मिनिटं! एवढं सोसूनही वजनातली सरासरी घट १० टक्क्यांच्या आत राहिली, तरच गादी पास. हे सगळं तुम्हाला दारापर्यंत पोचायला वेळ मिळावा म्हणून. तो वेळ वरची बॅग काढण्यात घालवू नका.