ओझ्याची वाट

शहराचा नकाशा हातात घेतला की आपण स्टेशन शोधतो, बाग शोधतो, नातेवाइकाचं घर शोधतो. पण कोपऱ्यावरच्या वाण्याकडे साखरेचं पोतं कोणत्या वाटेनं येतं, हे कुणी शोधत नाही. ती वाट बरीचशी शहराच्या आकारानंच ठरवलेली असते. आपली मुंबईच पाहा.

मुंबई दक्षिणोत्तर लांबट, चिंचोळी. पश्चिमेला खुला समुद्र, पूर्वेला शांत बंदर. त्या पूर्व किनाऱ्यावर १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक सुरू झाला. जहाजातून माल जिथं उतरे, त्याच्या आसपासच मशीद बंदर, दाणाबंदर, चकला इथले घाऊक बाजार भरभराटीला आले. खाली पेढी, मागं गोदाम, वर बिऱ्हाड. गल्लीची रुंदी बैलगाडी आणि हातगाडीपुरती. धक्का जवळच होता, तोवर हे गणित बिनचूक होतं.

पुढं माल ट्रकनं येऊ लागला, तोही उत्तरेकडून, सगळं शहर ओलांडून. शेवटच्या गल्लीत मात्र ट्रक शिरेना. मग मोठ्या रस्त्यापासून हातगाडी, हातगाडीपासून जिन्यापर्यंत माणसाचा माथा. 'बंदर' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, 'हमाल' अरबीतून. 'माथाडी' मात्र अस्सल आपला. त्यात कामाचं नाव आहे आणि ते काम शरीराच्या कोणत्या भागावर पडतं, तेही आहे. या कष्टकऱ्यांसाठी महाराष्ट्रानं १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. गल्ली अरुंद राहिली, तिची किंमत मानेच्या मणक्यांनी मोजली.

गर्दीवर उपाय म्हणून १९८० आणि १९९० च्या दशकांत कांदा-बटाटा, मसाले, फळं, भाजी यांचे घाऊक बाजार वाशीला हलवले गेले. लासलगावच्या कांद्याला आता मुंबईच्या टोकापर्यंत जावं लागत नाही. पण खाणारी तोंडं मुंबईतच राहिली. दहा टनांचा एक ट्रक वाशीला थांबला, की पुढं एक-एक टनाचे दहा टेम्पो खाडीपूल ओलांडतात.

भिवंडीची गोष्ट आणखी बोलकी. मुंबईत माल आणताना जकात भरावी लागे. मग माल हद्दीबाहेर साठवायचा आणि लागेल तेवढाच आत आणायचा. भिवंडीजवळच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत भातखाचरांच्या जागी गोदामं उभी राहिली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली, गोदामं राहिली. मोबाइलवर मागवलेल्या कितीतरी वस्तू आज तिथूनच निघतात. कर जातो, पण त्यानं शहराला दिलेलं वळण राहतं.

आता जुन्या चाळी पडून त्याच गल्ल्यांत टोलेजंग मनोरे उभे राहत आहेत. मोटारींसाठी मजल्यावर मजले राखले जातात. पण सामान उतरवणारा टेम्पो उभा कुठं करायचा, हा प्रश्न अनेक ठिकाणी नकाशात नसतोच. तो रस्त्यात उभा राहतो, आपण हॉर्न वाजवतो, आणि त्यातलं एक खोकं आपल्याच घरी यायचं असतं!

उपाय फार अवघड नाहीत. प्रत्येक मोठ्या इमारतीत माल उतरवायला जागा हवी. बाजाराच्या रस्त्यांवर त्यासाठी ठरावीक वेळ आणि ठरावीक पट्टा हवा. हातगाडीला अडथळा न मानता वाहन मानावं. आणि ओझं वाहणाऱ्याला पाणी, सावली, घटकाभर टेकायला ओटा मिळावा.

ओझं कमी होत नसतं, फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जात असतं. नकाशा आखणाऱ्यानं जी जागा सोडली नाही, ती कुणीतरी आपल्या पाठीनं भरून काढतो. उद्याचे नकाशे काढताना हा माणूस त्यात दिसायला हवा.