पऱ्हाटीची फांदी आणि ४.६६९

१९७६ साली रॉबर्ट मे यांनी 'नेचर'मध्ये किड्यांच्या पिढ्यांचं एक गणित मांडलं. जास्तीत जास्त मावेल ती संख्या १ धरून यंदाची संख्या घ्यायची, तिला उरलेल्या जागेने गुणायचं, मग वाढीच्या आकड्याने गुणायचं. उत्तर म्हणजे पुढची पिढी. हे मुलांच्या हाती लवकर द्या, अशी कळकळीची विनंती त्यांनी त्याच लेखात केली. यवतमाळात गणित शिकवताना ती मी मनापासून पाळली.

वाढीचा आकडा २.८ ठेवला की मुलांचे कॅल्क्युलेटर ०.६४३ वर येऊन थांबतात. ३.२ ठेवला की एक पिढी ०.५१३, पुढची ०.७९९, पुन्हा ०.५१३. ३.५ ला चार आकडे पाळीपाळीने येतात. मग आठ, सोळा, आणि ३.५७ च्या पुढे बहुतेक ठिकाणी क्रमच लागत नाही. आकडा ४ करून एकाने ०.४०० पासून सुरुवात केली आणि शेजाऱ्याने ०.४०१ पासून, तर दहा-बारा पायऱ्यांत दोघांच्या वह्या एकमेकींना ओळखत नाहीत.

याचा आलेख फळ्यावर काढला की पोरं म्हणतात, "सर, ही तर आडवी पऱ्हाटी!" खरंच आहे. फांदीला फांदी फुटते, आणि त्यातला लहानसा तुकडा मोठा करून पाहिला तर पुन्हा तेच झाड. मिचेल फायगेनबाउम यांनी १९७५ मध्ये हातातल्या कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिलं : दर फाट्यातलं अंतर आधीच्यापेक्षा जवळपास ४.६६९ पट कमी होत जातं. समीकरण बदललं तरी, त्याला असाच एक गोल माथा असेल तर, आकडा तोच. मला अजूनही हे नवल वाटतं.

गणित आणि शेत यांत मात्र मोठं अंतर आहे. प्रयोगशाळेत पिठातल्या तांबड्या किड्यांवर असे फाटे आणि गोंधळ खरोखर दिसले, १९९७ साली. आमच्या कापसावरच्या गुलाबी बोंडअळीबद्दल तसं म्हणायला मी धजणार नाही. तिच्या उद्रेकामागे वेगळी कारणं आहेत. २००२ मध्ये बीटी कापूस आला, २००६ मध्ये दुहेरी जनुकाचा. कडेला नॉन-बीटीच्या ओळी लावायच्या राहिल्या, फरदड, म्हणजे वेचणीनंतरही राखलेलं पीक, मार्चपर्यंत शेतात उभी राहिली, आणि अळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खायला मिळालं. ती बीटीच्या विषाला सरावत गेली. २०१७ च्या खरिपात बोंड फोडलं की आत किडकी कवडी निघायची. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

माझं दुःख एवढंच, की आधीची कित्येक वर्षं आम्ही 'मागच्या साली नव्हती, यंदाही नसेल' याच हिशेबावर होतो. वाढीचा आकडा हळूहळू सरकत असतो आणि फाटा अचानक फुटतो, हे फळ्यावर शिकवणाऱ्या मलाही ते शेतात दिसलं नाही.

आता पेरणीनंतर दीड महिन्याने मुलं घरच्या वावरात कामगंध सापळे पाहतात. सकाळी पतंग मोजायचे, अळी लागलेल्या डोमकळ्या तोडायच्या, आकडा वहीत लिहायचा. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, की त्या दिवशी वर्गात आधी वही उघडते, मग पुस्तक.