मदरबोर्ड बदलताय? विंडोज तीच राहील, पण पीसी उघडण्याआधी ‘हे’ तपासा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे कर्वेनगरात कमिन्स कॉलेजच्या आसपास खोली घेऊन राहणाऱ्यांच्या जुन्या पीसीला बरेचदा मदरबोर्डच नवा हवा. ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे दुकानात हमखास ऐकायला मिळतं. बहुतेक वेळा गरज नसते. जुनी एसएसडी नव्या बोर्डावर लावली, की विंडोज नवे ड्रायव्हर स्वतःच शोधते. वायफायचा ड्रायव्हर तेवढा पेनड्राइव्हवर ठेवा.

खरा धोका बिटलॉकरचा. त्याची किल्ली जुन्या टीपीएमकडे असते. बोर्ड बदलला की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर प्रोजेक्ट, फोटो सगळं कुलूपबंद. मायक्रोसॉफ्टही उघडून देऊ शकत नाही. हे एन्क्रिप्शन कधीकधी आपोआप सुरू झालेलं असतं, म्हणून सेटिंग्जमध्ये बघाच. सुरू असेल तर की कागदावर उतरवा आणि काम होईपर्यंत ते बंद करा.

लायसन्सही बोर्डाशी बांधलेलं असतं. रिटेल असेल तर आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडा. नंतर अ‍ॅक्टिव्हेशन ट्रबलशूटरमध्ये ‘हार्डवेअर बदललं’ हा पर्याय मिळतो. पीसीसोबत आलेलं ओईएम लायसन्स अपग्रेड केलेल्या बोर्डावर चालत नाही, तो खर्च बजेटमध्ये आधीच धरा.

डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल, तर नव्या बोर्डावर ती बूट न होण्याची शक्यता मोठी. बॅकअप घ्या आणि जुना बोर्ड काढण्याच्या अगदी आधी विंडोजमधलंच एमबीआर२जीपीटी हे टूल चालवा.