एकतीस डिसेंबरची लेकरं

पन्नाशी-साठीतल्या मराठवाडी माणसांचे शाळेचे दाखले कधी एकत्र ठेवून पाहा. भूम असो, परंडा असो की वाशी, '१ जून' ही जन्मतारीख इतक्यांदा दिसेल की नवल वाटावं. बाळंतपण घरीच झालेलं, तारीख कुणी लिहून ठेवलेली नाही. आईला आठवायचं ते 'ज्वारीच्या काढणीत झाला' एवढंच. शाळा जूनमध्ये भरायची, म्हणून गुरुजी एक जून लिहून टाकायचे. आणि लेकरू शाळेत बसवण्याजोगं झालं की नाही, हे ठरायचं त्याच्याच अंगावरून. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला, की घाला पहिलीत.

ही कानाची परीक्षा मला विलक्षण वाटते. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं आणि हात आखूड असतात. हात वाढत वाढत सहा-सात वर्षांच्या सुमारास कुठे पलीकडच्या कानाला पोचतो. हात पुरला म्हणजे मनही एका जागी बसायला तयार झालं, असं नाही. पण लेकरू किती वाढलंय हे त्या लेकराकडे बघून ठरत होतं, यात मोठा शहाणपणा होता.

आता जन्माची नोंद दवाखान्यातच होते, तारखा खऱ्या असतात. तारखेबरोबर एक रेघही आली. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की पहिलीत घ्यायचं तर त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाची सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. आपल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. म्हणजे भूमच्या एखाद्या पहिलीच्या वर्गात जानेवारीत जन्मलेली मुलगी साडेसहा वर्षांची असणार, आणि तिच्या शेजारी बसलेला डिसेंबरातला मुलगा जेमतेम साडेपाचचा. मोठ्या माणसांत एका वर्षाला काय किंमत? पण साडेपाच वर्षांच्या जिवाचं एक वर्ष म्हणजे त्याच्या सगळ्या आयुष्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा. फळा दोघांना एकच, बाराखडी एकच आणि 'हाताची घडी, तोंडावर बोट' हेही एकच.

हीच ३१ डिसेंबरची रेघ कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातही आहे. तिथल्या संशोधकांनी १९९७ ते २००८ या काळातल्या सहा ते बारा वर्षांच्या ९ लाख ३७ हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला. डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना 'एडीएचडी', म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, असं निदान मिळण्याचं प्रमाण जानेवारीतल्या मुलग्यांपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त निघालं. मुलींमध्ये ते ७० टक्क्यांनी जास्त होतं. औषधं सुरू होण्याचं प्रमाणही तसंच चढं. एखादा विकार जन्माचा महिना पाहून येईल का? मग दिसत काय होतं? वर्गातलं सगळ्यात लहान लेकरू, त्याच्या वयाला साजेसं वागणारं.

मिशिगन स्टेट विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ टॉड एल्डर यांनी २०१० मध्ये अमेरिकेतली मुलं अशीच तपासली. त्यांच्या अंदाजानं तिथल्या सुमारे ९ लाख मुलांच्या निदानामागे वर्गातलं हे लहानपणच असावं. त्यांच्या अभ्यासातली एक गोष्ट मला या आकड्याहून मोलाची वाटते. मूल चंचल आहे, हे शिक्षकांचं मत त्याच्या वर्गातल्या वयाप्रमाणे चांगलंच बदलत होतं, आईवडिलांचं मात्र फारसं नाही. कारण उघड आहे. घरी ते एकटं दिसतं. वर्गात त्याच्या डाव्या-उजव्या हाताला त्याच्याहून मोठी मुलं बसलेली असतात आणि तुलना आपोआप होते. यात बाईंचा किंवा गुरुजींचा दोष काढण्यासारखं काही नाही. चाळीस पोरांच्या वर्गात ज्याच्या त्याच्या जन्माचा महिना ध्यानात कोण ठेवणार?

डेन्मार्कमध्ये पालक मुलाला एक वर्ष उशिरा शाळेत घालू शकतात, आणि रेघेजवळच्या मुलांच्या बाबतीत पुष्कळ जण तसं करतातही. तिथल्या नोंदींत जन्माच्या महिन्यामुळे पडणारा हा फरक जवळपास दिसतच नाही.

फसगत होण्याचं खरं कारण मेंदूतच दडलं आहे. अमेरिकेतल्या फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मुलांच्या मेंदूची चित्रं वर्षानुवर्षं घेऊन मेंदूच्या बाह्यावरणाची जाडी मोजली. हे आवरण आधी जाड होत जातं आणि मग उतरणीला लागतं. तो कळस इतर मुलांत साधारण साडेसात वर्षांच्या सुमारास आला. एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहाच्या सुमारास. म्हणजे खऱ्या विकारातही मेंदूची घडण होते, पण मागाहून. उशिरा घडणारा मेंदू आणि मुळातच लहान वयाचा मेंदू हे दोन्ही एकाच बाकावर बसले, तर वरवर सारखेच चुळबुळे दिसणार.

आणि सारखी दिसणारी आणखीही लेकरं असतात. कानात पाणी साचून कमी ऐकू येणारं मूल 'ऐकतच नाही' ठरतं. नाकामागच्या गाठींनी रात्रभर घोरणारं मूल दिवसा सुस्तावण्याऐवजी उलट पिसाटल्यासारखं वागतं. मिशिगन विद्यापीठाच्या २००६ मधल्या अभ्यासात गाठी काढायला आलेल्या ७८ मुलांपैकी २२ जण एडीएचडीच्या निकषांत बसत होते. शस्त्रक्रियेनंतर वर्षभरानं त्यातली निम्मी त्यातून बाहेर आली. काही सेकंद टक लावून हरवणाऱ्या मुलाला आकडीचा एक प्रकार असू शकतो. तो ओळखायला डॉक्टर मुलाला तीन मिनिटं जोरजोरानं फुंकर मारायला लावतात, अगदी कागदाची भिंगरी हातात देऊनसुद्धा, आणि बहुतेक वेळा ती टक तिथेच, त्यांच्या डोळ्यांदेखत लागते.

भूम-वाशीच्या या बालाघाट डोंगरपट्ट्यात आणखी एक कारण आहे, आणि ते कुठल्या परदेशी अभ्यासात सापडणार नाही. दिवाळीच्या आगेमागे आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेलं लेकरू उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतं, तोवर वर्ग कितीतरी धडे पुढे सरकलेला असतो. समोरचं काहीच कळत नसेल तर लक्ष टिकवायचं कशावर? त्याला 'मठ्ठ' किंवा 'वांड' म्हणून मागच्या बाकावर बसवणं हेही चुकीचं निदानच, भले ते कुठल्या डॉक्टरनं केलेलं नसो.

एडीएचडी खोटा नाही. तो असलेल्या मुलाला मदत न मिळणं हा मोठा अन्याय आहे, आणि गावाकडे हाच अन्याय जास्त होतो. पण नियम कडक आहेत. लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली हवीत, कमीत कमी सहा महिने टिकलेली हवीत आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. फक्त एका वर्गात, एका बाईंच्या तासाला दिसणारी चुळबुळ त्यात बसत नाही.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. ऐकू येणं, दिसणं, आकडी, रक्तक्षय, शिकण्यातल्या अडचणी आणि एडीएचडी, सगळं त्यांच्या यादीत आहे. पथकाचा वेळ प्रत्येक मुलामागे थोडा असतो. म्हणून बाईंनी आणि आईनं आधीच एका कागदावर लिहून ठेवावं: जन्माचा महिना, रात्री घोरतो का, मागून हाक मारली तर वळतो का, वर्षातले किती महिने शाळेबाहेर होता, आणि आवडीचं काम हातात असलं की किती वेळ बसतो.