बाल्कनीतला राजगड, पायथ्यापासून माथ्यापर्यंत

दोह्यात दिवाळीचा किल्ला करायचा तर माती नर्सरीतून पोत्यांनी आणावी लागते आणि भाऊबीज झाली की बाल्कनी रिकामी करावी लागते. उरतो तो फोटो. गावाकडच्या आजी-आजोबांना दिसतो तोही फोटोच.

इथल्या मुलांनी पाहिलेला किल्ला म्हणजे अल झुबारा. १९३८ सालचा, सपाट वाळूवरचा, चौकोनी. राजगडाचं तसं नाही. पुढे पद्मावती माची, मागे उंच बालेकिल्ला. माचीवरच्या मावळ्यावर फोकस धरला की बालेकिल्ला धूसर होतो. जवळून फोटो काढताना स्पष्टतेचा पट्टा फार अरुंद असतो. पाच सेंटिमीटरचा मावळा फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या चौकटीत निम्म्या उंचीचा आला, तर एफ-८ ला हा पट्टा जेमतेम एक सेंटिमीटर! छिद्र फार लहान केलं तर विवर्तनामुळे सगळंच चित्र मऊ पडतं. फोनमध्ये पट्टा रुंद मिळतो, पण अगदी जवळ गेलं की तिथेही तीच गत. खऱ्या गडाच्या फोटोत पायथ्यापासून माथ्यापर्यंत सगळं स्पष्ट असतं. आपला गड खेळण्यातला आहे ही चुगली हा धूसरपणाच करतो.

त्यावर उपाय फोकस स्टॅकिंगचा. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट, एक्स्पोजर तेच, आणि फोकस पुढून मागे थोडाथोडा सरकवत वीस-पंचवीस फोटो. पट्टे एकमेकांवर किंचित चढायला हवेत. मग हेलिकॉन फोकस, झिरीन स्टॅकर किंवा फोटोशॉप प्रत्येक जागी शेजारच्या ठिपक्यांमधला फरक कुठल्या फोटोत सर्वांत ठळक आहे ते पाहतं आणि तेवढाच तुकडा उचलतं. एआयला सांगून तयार राजगड मिळतो, हे मला ठाऊक आहे. पण त्यात नातीच्या बोटांचे ठसे नसतात. इथे प्रत्येक ठिपका खऱ्या मातीचा असतो.

वाऱ्याचं मात्र सांभाळा. शमाल सुटला की भगवा हलतो आणि जोडलेल्या चित्रात दोन-तीन झेंडे दिसतात. अळिवाची हिरवळही डुलते. पणतीची ज्योत तर स्थिर नसतेच, ती एकाच फोटोतून घ्यावी. एसीतून दमट बाल्कनीत आणलेल्या लेन्सवर वाफ धरते, अर्धा तास थांबावं. मावळ्याच्या कडेला वलय उमटलं तर ते हाताने दुरुस्त करावं. मुलं ते आपल्यापेक्षा झटपट करतात.

२०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत राजगड आहे. त्यामुळे यंदा तो बऱ्याच घरी होईल. कॅमेरा मावळ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. वरून काढलेला फोटो कितीही जोडला तरी बाल्कनीतलाच दिसतो.