माथेरान : हंगाम पाहुण्यांचा, संसार बारमाही

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील माथेरान हे समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरील थंड हवेचे ठिकाण होय. १८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी ते प्रथम प्रकाशात आणले. १९०७ मध्ये नेरळहून छोटी आगगाडी सुरू झाली आणि मुंबईकरांना हा डोंगर जवळचा झाला. पाहुण्याच्या दृष्टीने माथेरान म्हणजे दोन दिवसांचा विसावा. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ४,४०० लोकांचे मात्र ते कायमचे गाव आहे. पाहुणे उतरून गेल्यावर या गावाचे जीवन कसे चालते, हे जाणून घेण्यासारखे आहे.

मिळकतीचे दिवस

दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याची सुटी हे येथील सुगीचे दिवस. डोंगरमाथा वनाच्छादित असल्याने शेतीचा आधार जवळजवळ नाही. अश्वचालक, हमाल, हातरिक्षा ओढणारे, खानावळवाले, चिक्की व चपलांचे दुकानदार या सर्वांचे पोट पर्यटकावर अवलंबून असते. हंगामात हाती आलेला पैसा पुढील महिन्यांसाठी राखून ठेवावा लागतो. मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च आणि घोड्याचा खुराक यांना हंगाम ठाऊक नसतो.

पावसाळ्याची बेगमी

जूनपासून डोंगर ढगांत बुडतो. नेरळ ते अमन लॉज ही रेल्वेसेवा पावसाळ्यात बंद ठेवण्यात येते. अमन लॉज ते माथेरान एवढीच गाडी धावते. गर्दी ओसरते आणि मजुरीचे दिवस कमी होतात. म्हणून धान्य, सरपण व चारा यांची तरतूद आधीच करून ठेवणे हा येथील संसाराचा जुना नियम आहे. निसर्गाचा तडाखाही मोठा असतो. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत रेल्वेमार्ग उद्ध्वस्त झाला. २०१९ च्या पावसात तो पुन्हा खचला आणि नेरळपासूनची सेवा पूर्ववत होण्यास ऑक्टोबर २०२२ उजाडला.

वाहनबंदीचे दोन पैलू

माथेरानमध्ये मोटारींना प्रवेश नाही. खाजगी वाहने दस्तुरी नाक्यावरच थांबतात. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र शासनाने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. लाल मातीचे शांत रस्ते आणि दाट झाडी हेच गावाचे भांडवल असल्याने ही बंदी गावाच्या हिताचीच आहे. तथापि तिचा भार रहिवाशांच्या खांद्यावर पडतो. धान्याचे पोते असो वा गॅसची टाकी, नाक्यापासून पुढे ती घोड्याच्या पाठीवरून किंवा माणसाच्या श्रमाने न्यावी लागते. साहजिकच वस्तू महाग होतात. शाळकरी मुले, वृद्ध आणि रुग्ण यांनाही हे अंतर जाणवते.

या अडचणीतून ई-रिक्षांचा प्रयोग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसास ओढण्याची प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरवली. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्या ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करावे, असा आदेशही दिला. ज्या हातांनी वर्षानुवर्षे रिक्षा ओढली, त्याच हातांत ई-रिक्षाचे सुकाणू यावे, हा त्यामागील हेतू आहे. त्याच वेळी घोड्यावर उपजीविका करणाऱ्यांचा विचारही सुटता कामा नये.

वनराई राखणे आणि तिच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला बारा महिने भाकर मिळणे, ही दोन्ही उद्दिष्टे एकमेकांस पूरक आहेत. गाव नांदते राहिले, तरच पुढील हंगामात पाहुण्याचे स्वागत करण्यास तेथे कोणीतरी असेल.